मागच्या वेळेबद्दल आभार

पाऊस तिरका येत होता. आमच्या डेन्मार्कच्या या दक्षिण कोपऱ्यात तो सरळ कधी पडतच नाही. समुद्रावरून वारा सोबत घेऊन येतो आणि छत्री घेऊन निघालेल्या माणसाची फजिती करून जातो. अशा पावसात, जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी, ब्रॉनलुन गावाच्या अलीकडच्या बसथांब्यावर एक उंच तरुण पाठीवर सॅक घेऊन उभा होता. थांब्याला छप्पर होतं, पण हा छपराबाहेर भिजत होता... कारण आतल्या बाकड्यावर एक मांजर अंग चोरून झोपलं होतं आणि त्याला उठवायचं याच्या जिवावर आलं होतं.

वाचनालयाची फिरती गाडी घेऊन लोना तिथून चालली होती. गावोगाव पुस्तकं पोचवायची, जुनी गोळा करायची, हे तिचं काम. आपल्या गाडीत वाटसरूंना घ्यायचं नाही असा नियम होता, आणि लोना नियम पाळणारी मुलगी होती. तिने ते मांजर पाहिलं, बाहेर निथळणारा तो माणूस पाहिला आणि ब्रेक दाबला.

"चढ लवकर," दार उघडत ती ओरडली. "पुस्तकं भिजतायत!"

"आणि मी?"

"तू भिजून झालायस. तुझं आता काय वाचवायचं!"

तो हसला. आत आला तो निम्मा पाऊस घेऊनच. बोलायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं... नॉर्वेचा. डोंगर चढावा-उतरावा तसा त्याचा सूर वरखाली जात होता. ती आपल्या सपाट, शब्द अर्धे गिळणाऱ्या डॅनिशमध्ये बोलत होती, तो आपल्या भाषेत, आणि दोघांचं अडत नव्हतं.

"ब्रॉनलुनला जायचंय. निसच्या घरी. मी हालवार, हाउगविकहून आलोय. आमची बाकी मंडळी सकाळी बसने आली, मी मागून रेल्वेने."

"मग अगदी बरोबर गाडीत बसलास. मी निसचीच मुलगी. लोना."

"निसची मुलगी!" त्याचा चेहरा उजळला. ओला हात पँटला पुसून त्याने पुढे केला. "अगं, मग... मागच्या वेळेबद्दल आभार!"

आता हे वाक्य इकडे कसं असतं, तर श्वासासारखं. कुणाकडे एकदा जेवलात, नाचलात, नुसती कॉफी प्यालात, तरी पुढच्या भेटीत तोंडातून पहिलं हेच निघायला हवं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, कुठेही जा. हे वाक्य म्हटलं नाहीत तर तुम्ही ती भेट विसरलात, म्हणजे त्या माणसालाच विसरलात, असा अर्थ होतो.

आणि लोना हाउगविकला कधीच गेली नव्हती. पाच देशांतली पाच स्नेहगावं दर दोन वर्षांनी एकत्र जमतात; यंदा पाळी ब्रॉनलुनची. दोन वर्षांपूर्वी पाळी हाउगविकची होती आणि निसची मुलगी तिकडे गेली होती खरी... पण ती थोरली, तूरा. 'अरे, ती मी नव्हे,' एवढं म्हटलं की विषय संपला असता. पण पाहुणा चिंब भिजलेला, हात पुढे केलेला, चेहऱ्यावर केवढा तो आनंद! पहिल्याच मिनिटाला त्याला तोंडावर कसं पाडायचं?

"तुझेही आभार," लोना म्हणाली.

झालं. गोची झाली ती तिथेच.

मग त्याने घसा साफ केला. "तेव्हाही तू... हाच पिवळा रेनकोट घातला होतास, नाही?"

रेनकोट तिने या ईस्टरला घेतला होता.

"हाच," ती म्हणाली. मग आपणही काहीतरी आठवलं पाहिजे म्हणून घाईघाईने, "आणि ते... पाण्यावरचं!" नॉर्वेत पाणी कुठेही असणारच, एवढा तिचा हिशेब.

"होडीतलं?"

"तेच! कसं विसरेन?"

"मी पण नाही विसरलो," तो खिडकीकडे बघत म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

ते कान लोनाने पाहिले. हा पोरगा होडीतल्या कुणावर तरी भाळलाय, तिला वाटलं, आणि ती मी नव्हे. उगाचच तिने गाडीचा वेग वाढवला.

घरी निस जेवणाच्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसला होता. तो स्नेहगाव मंडळाचा अध्यक्ष, आणि शनिवारी सभागृहात कॉफीच्या वेळी त्याला भाषण करायचं होतं. विषय गावातल्याच लोकांनी डोक्यावर मारला होता. सीमा इथून सायकलच्या अंतरावर. जर्मन गावाशी मैत्री करायची सोडून त्या लांबच्या बर्फाळ लोकांना दर वेळी कशाला बोलवायचं? आपण डेन लोक त्यांच्यात मोडतोच कसे? शनिवारी याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर मंडळ बंद करायचं असं चाललं होतं.

तूरा आणि तिचा नवरा उवे सुट्टीसाठी आले होते. उवे सीमेपलीकडचा, जर्मन. दिलदार माणूस, पण मनात आलं की ते ओठांवर आलंच पाहिजे.

"निस, वाच की काय लिहिलंयस," बटाटे वाढून घेत उवे म्हणाला.

"आपल्या सगळ्यांच्या झेंड्यावर एकच क्रूस आहे."

"तुमचा आधीचा, बाकीच्यांनी उचलला. पुढे?"

"आपला सगळ्यांचा धर्मपंथ एक. ल्यूथरचा."

"ल्यूथर आमचा!"

"राजे—"

"तेही आमच्याकडूनच आणलेत तुम्ही."

"भाषा तरी सोड!" निस वैतागला.

"भाषा? या हालवारला विचार, तुझ्या बोलण्यातलं त्याला किती कळतं ते."

हालवार बिचारा खिंडीत सापडला. "कळतं की," तो म्हणाला. "म्हणजे... निसने घास गिळल्यावर कळतं."

सगळे हसले. लोना सगळ्यांत जोरात हसली आणि हसताहसता तिचं लक्ष गेलं, तो फक्त तिच्याकडे बघत होता. तिने पटकन काकडीची वाटी उचलून उवेपुढे धरली. उवेच्या ताटात काकडी आधीच होती.

"दर शनिवारी बियर घ्यायला आमच्याकडे येता," उवे सोडायला तयार नव्हता, "सॉसेज आमचे खाता, आणि वर म्हणता आम्ही उत्तरेचे. ना डोंगर, ना धड बर्फ!"

"डोंगर आहे आमच्याकडे," लोना म्हणाली.

"डोंगर?" हालवारने भुवया उंचावल्या. "इथे?"

"उद्या दाखवते."

रात्रीची भांडी पुसताना तिने तूराला हळूच विचारलं, "हाउगविकला तू होडीत बसली होतीस?"

"सगळेच बसले होते."

"कुणाबरोबर? म्हणजे... उंचसा कुणी?"

"लोना, तिथे सगळेच उंच होते." तूराने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि गालात हसली. "का गं?"

"काही नाही. सहज."

पण सहज नव्हतं. तूराचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, आणि बहिणींचे चेहरे इतके सारखे की लहानपणी शिक्षिकाही फसायच्या. हा माणूस आपल्याकडे बघून हसतो ते आपल्यासाठी, की दुसऱ्या कुणाच्या आठवणीने? रविवारी दुपारी त्यांची बस सुटणार. तेवढ्यात हे कळायला हवं... आणि विचारायचं कसं, तर खोटं बोलले म्हणून कबूल करून! गाडीतच खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत भागलं असतं. आता त्याची लाज दुप्पट झाली होती.

शुक्रवारी दुपारी ती त्याला घेऊन निघाली. बार्लीच्या शेतांमधून, कुंपणांच्या जंगली गुलाबांवरून हात फिरवत दोघं चालत होते. हाउगविकला तो लाकडी होड्या दुरुस्त करायचा. यंदा खरं तर त्याची मावशी यायची, पण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तिच्या जागी हा आला होता. तो गवतातून चालला होता, ती वाटेवरून, आणि मधलं अंतर आपोआप कमी होत होतं.

"थांब," लोना म्हणाली.

तो थांबला. आजूबाजूला बघितलं. "काय झालं?"

"डोंगर."

"कुठाय?"

"तू त्याच्यावर उभा आहेस."

हालवारने पायाखाली पाहिलं. एक पाऊल मागे गेला, परत पुढे आला. मग छातीवर हात ठेवून मोठ्याने धापा टाकायला लागला. "पाणी... कुणीतरी पाणी द्या... हवा किती विरळ आहे इथे!"

"हसू नकोस. आमच्याकडे डोंगर असलाच की पुरे, फार उंच असायला हवा असं नाही."

"आमच्याकडे याला नांगरतात."

"आमच्याकडेही नांगरतात. पण वर्षातून एकदा आदराने."

तो इतका हसला की खालीच बसला. तीही बसली. खाली करडी खाडी पसरली होती, तिच्यावर ढगाची सावली सरकत होती, आणि बघता बघता ती सावली त्यांच्यापर्यंत आली. पाऊस! त्याच्या अंगात नुसता स्वेटर होता. लोनाने रेनकोट काढला आणि दोघांच्या डोक्यावर धरला. एक बाही त्याने धरली, एक तिने. त्याच्या स्वेटरला लाकडाचा आणि डांबराचा वास येत होता. तिला तो वास आवडला, खूप आवडला, आणि त्याचाच राग आला.

"मागच्या वेळीही असाच पाऊस होता," तो हळू म्हणाला.

"हो?... मला सगळं नाही आठवत. सांग ना."

"काय सांगू?"

"मी... काय म्हणाले होते तेव्हा?"

रेनकोटवर थेंब वाजत होते. "तू म्हणालीस... 'इतक्यात जाऊ नकोस.'"

"आणि तू?"

"मी म्हणालो, मला जायचंच नाहीये."

लोना खाडीकडे बघत राहिली. कुठल्या मुलीने म्हटलं असेल हे? किती सहज म्हणून गेली असेल! आणि आपण इथे एक साधं वाक्य बोलू शकत नाही.

"तुला कोणती आवडली?" तिने हसत विचारलं, निदान हसत विचारायचा प्रयत्न केला. "मागच्या वेळची लोना की आत्ताची?"

"दोघी," तो चटकन म्हणाला.

चुकीचं उत्तर. लोनाने बाही सोडून दिली आणि पाऊस थेट त्याच्या मानेवर ओतला. "चल. कॉफी गार होत असेल," ती म्हणाली आणि पुढे निघाली. घरी कुणीही कॉफी केलेली नव्हती.

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. आमच्या भागातलं कॉफीचं टेबल म्हणजे चेष्टा नाही. सात मऊ प्रकार, सात कडक. राय नावाच्या धान्याच्या पावाचा केक, त्यात ब्लॅककरंटचा मुरंबा आणि साय, मग क्रीमचे रोल, मग बिस्किटांचे डोंगर, आणि पाहुण्याने प्रत्येकाची चव घ्यायची म्हणजे घ्यायचीच. हे सगळं मांडणाऱ्या केस्टीनाबाई टेबलाच्या टोकाशी उभं राहून कोण काय टाळतंय ते बघत होत्या. हा भाग जेव्हा जर्मनीकडे होता तेव्हा जिथे जमून डॅनिश गाणी म्हणायची त्या सभागृहांना दारूचा परवाना मिळत नसे. मग लोकांनी कॉफीवर भागवलं आणि केकवर सूड उगवला. तेव्हापासून हे असं चाललंय.

हालवार नवव्या प्रकारापर्यंत पोचला होता आणि त्याचा घाम निघाला होता. समोर लोना, शेजारी उवे. निस भाषणाचा कागद घडी करत, उलगडत उभा होता.

"लोनाला विचारा," हालवार शेजारच्या स्वीडिश आजोबांना सांगत होता, बहुधा दहावा प्रकार लांबवण्यासाठी, "दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे काय पाऊस झाला ते. आम्ही दोघं होडीत होतो."

उवेने काटा खाली ठेवला. "कोण दोघं?"

"मी आणि लोना."

"दोन वर्षांपूर्वी? हाउगविकला?" उवे प्रामाणिकपणे गोंधळला होता. "शक्यच नाही. लोनाचा पाय प्लास्टरमध्ये होता. तूरा तिकडे गेली आणि लोना इथे सोफ्यावर. मीच तिला कुबड्या आणून दिल्या होत्या."

उवेचा आवाज मुळात मोठा. आजूबाजूच्या चार टेबलांवरची डोकी वळली.

हालवारने लोनाकडे पाहिलं. लोनाने हालवारकडे.

"मग," तो अडखळत म्हणाला, "होडीत कोण होतं?"

"ते मी तुला विचारायला हवं!"

"होडी तू काढलीस!"

"मी? मी फक्त पाणी म्हटलं. होडी तूच घातलीस त्यात!"

"मला वाटलं, तुला आठवतंय आणि मी विसरलोय! त्या वेळी मावशीच्या अंगणात शंभर माणसं जेवून गेली. मी माशाचं सार वाढत होतो. मला एकाचाही चेहरा आठवत नाही." तो आता गळ्यापर्यंत लाल झाला होता. "मावशी म्हणाली, दिसेल त्याचे आभार मान, कुणी मेलं नाही आभारांनी."

"म्हणजे," उवेने दोघांकडे आळीपाळीने बोट केलं, "तुम्ही कधी भेटलाच नव्हता... आणि तीन दिवस एकमेकांचे आभार मानताय? अरे, विचारायचं ना! 'आपण आधी भेटलोय का?' एवढंच!"

"असं कसं विचारायचं?" हालवार आणि लोना एका सुरात म्हणाले.

"असं कसं विचारायचं?" त्याच क्षणी स्वीडिश आजोबाही म्हणाले. त्यांच्यामागून एक फिनिश बाई, आणि मागच्या टेबलावरचा आइसलंडचा दाढीवाला मासेमार.

मग मासेमार उठला. "निस," तो म्हणाला, "आता निघालंच आहे म्हणून सांगतो. मी सहा वर्षं तुझे आभार मानतोय. कशाबद्दल, देवाशपथ मला माहीत नाही."

"मलाही नाही," निस म्हणाला. "मी परत मानतोय ना!"

मग काय, धबधबाच सुटला. कोण कुणाला कोण समजून भेटत होतं ते एकेक बाहेर यायला लागलं. फिनिश बाई तर डोळे पुसत कबूल झाल्या की केस्टीनाबाईंनी कधी काळी दिलेल्या, म्हणजे कधीच न दिलेल्या, केकच्या कृतीची त्या प्रत्येक भेटीत तारीफ करत आल्या होत्या. निसने हातातला कागद फाडला. खिशात कोंबला.

"उवे," तो म्हणाला, "तुझ्या गावात हे झालं असतं?"

"कधीच नाही."

"तर मंडळी, हे माझं भाषण. झेंडा, चर्च, राजे, सगळं उवेने खोडून काढलं आणि बरोबरच खोडलं. पण समोरच्याला लाज वाटू नये म्हणून स्वतः खड्ड्यात जाऊन बसणारी माणसं या पाच गावांत आहेत. मी त्यांच्यातला आहे. मला दुसरीकडे कुठे घालू नका." आणि तो खाली बसला. टाळ्या इतक्या पडल्या की कपबशा वाजल्या. सर्वांत जोरात उवेच वाजवत होता.

लोना मात्र हसत नव्हती. तिला आधी वाटलं होतं, चला, होडीतली ती मुलगी नव्हतीच, जीव भांड्यात पडला. आणि लगेच दुसरा विचार आला. म्हणजे डोंगरावरचं सगळंही असंच? 'मला जायचंच नाहीये' हेही शिष्टाचार? ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

बाहेर सायकली भिजत उभ्या होत्या. वळचणीखाली उभी राहून ती समोरच्या बार्लीच्या शेताकडे बघू लागली. मागे दार वाजलं.

"लोना."

"आत जा. अजून पाच प्रकार राहिलेत तुझे. केस्टीना चिडेल."

"चिडू दे."

"नाही, जा. तुझी रीत मोडायला नको." ती वळली. डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "मला सांग, त्या टेकडीवर तू जे बोललास, ते पण मावशीने शिकवलेलं? मला वाईट वाटू नये म्हणून?"

"नाही."

"मग खोटं कशाला रचलंस?"

"खोटंच होतं ते. झालेलं काहीच नव्हतं." तो तिच्यासमोर, वळचणीबाहेर, पावसात उभा होता. "तू विचारलंस, 'मी तेव्हा काय म्हणाले होते?' मला आठवत नव्हतं. मग मी... तू काय म्हणावंस असं मला वाटत होतं, ते सांगितलं. आणि मी काय म्हटलं असतं, ते. आठवणी नव्हत्या त्या, लोना. मला जे हवं होतं ते मी मागच्या वेळच्या नावावर खपवत होतो. सरळ सांगायची हिंमत नव्हती."

विश्वास ठेवायची तिला इतकी इच्छा होती की तिला त्याचीच भीती वाटली. "हे पण किती छान बोललास," ती शेवटी म्हणाली. "छान बोलण्यावरच तर माझा भरवसा उडालाय."

मग त्याने मान ताठ केली.

"बरं. मग वाईट बोलतो. तुमच्या घरची कॉफी म्हणजे काळं पाणी आहे. तुझ्या बाबांचं बोलणं मला निम्मंही कळत नाही, मी नुसता मान डोलावतो. केस्टीनाचा तो तपकिरी केक इतका कोरडा आहे की अजून इथे अडकलाय." त्याने छातीवर बोट ठेवलं. "तू गाडी भीतिदायक चालवतेस. आणि तो डोंगर... लोना, तो डोंगर नाही! त्याला डोंगर म्हणणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती!"

तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"आणि," त्याचा आवाज एकदम उतरला, "मला उद्या त्या बसमध्ये बसायचं नाहीये. मी तुझ्या प्रेमात पडलोय. मागच्या वेळचं काही माहीत नाही. गुरुवारपासून."

पाऊस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता. हा आपल्याला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोललेला नाही, लोनाला जाणवलं, आणि तिला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आता तिची पाळी होती. तो तिच्याकडून काहीही मागणार नव्हता, मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तिच्याही नव्हतं. दुसऱ्या प्रेमकथांमध्ये बिचाऱ्यांना व्हिसा आडवा येतो, धर्म आडवा येतो, कागदपत्रं येतात. इथे काही म्हणजे काही नव्हतं. या पाच देशांतल्या कुणीही उठावं आणि दुसऱ्या देशात जाऊन राहावं. पुढे करायला एकसुद्धा सबब नव्हती. फक्त कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. आवाज फुटला म्हणून परत म्हणाली, नीट, मोठ्याने. "जाऊ नकोस, हालवार. मला तू हवा आहेस इथे. माझंही प्रेम आहे तुझ्यावर. कॉफी वाईट आहे, ती बदलेन. डोंगर बदलता येणार नाही."

"डोंगर राहू दे," तो म्हणाला.

मग त्याने तिला वळचणीबाहेर ओढलं की तिने त्याला आत, हे दोघांनाही कळलं नाही. त्याचे ओले गाल गार होते आणि ओठ गरम. आतून कुणीतरी गाणं सुरू केलं होतं, पाच भाषांत पाच वेगवेगळ्या पट्टीत, आणि ते इतकं बेसूर होतं की चुंबन घेता घेता दोघं हसायला लागले.

"इथे होड्या असतात का?" थोड्या वेळाने त्याने तिच्या केसांत विचारलं.

"खाडीभर. आणि सगळ्या गळतात."

"मग माझं भागेल."

रविवारी दुपारी अख्खं गाव बसथांब्यावर जमलं. आमच्याकडे कुणाला निरोप द्यायचा तर हातात कागदी झेंडे हवेतच. केस्टीनाबाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक लाल-पांढरा झेंडा खुपसला होता. ऊन पडलं होतं. नॉर्वेची मंडळी बसमध्ये चढली, खिडक्या उघडल्या, आणि त्यांच्या म्होरक्याने डोकी मोजायला सुरुवात केली. मधेच थांबून त्याने बाहेर पाहिलं.

रस्त्याच्या कडेला डॅनिश लोकांच्या रांगेत, निस आणि लोनाच्या मधे, हालवार उभा होता. हातातला कागदी झेंडा तो आपल्याच गावच्या बसला हलवून दाखवत होता.

"अरे, चढ ना!" म्होरक्या ओरडला. "तुझी जागा इथे आहे!"

"नाही!" हालवार ओरडला.

"मावशीला काय सांगू?"

हालवारने लोनाकडे पाहिलं. पण उत्तर द्यायला लोनाने त्याला वेळच दिला नाही. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या गावासमोर, लाजबीज सगळी गुंडाळून, बसच्या दिशेने ओरडली, "सांगा, मी त्याला ठेवून घेतलं!"